खलनायिकेला शिव्याशाप आणि सूनबाईचा अबोला

ताई, नमस्कार.

मी सांगलीत राहतो. वीज मंडळातून निवृत्त, वय ६६. संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत आमच्याकडे मराठी मालिका चालू असतात. पुरुष असून मालिका बघतो म्हणून कट्ट्यावरचे मित्र चिडवतात, त्याचं मला काही वाटत नाही. मला त्यातलं थोडंफार कळतं असा माझा समज आहे. कोण जीव ओतून काम करतं, कोण पाट्या टाकतं, कथा कुठे भरकटली, हे मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज लिहितो.

मागच्या महिन्यात एका मालिकेतल्या खलनायिकेचा मला इतका संताप आला, की इन्स्टाग्रामवर तिच्या फोटोखाली मी लिहिलं, ‘तुझ्यासारख्या बायांमुळे घरं फुटतात. तुझी कूस कधी उजवणार नाही.’ ते आमच्या सूनबाईच्या वाचनात आलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मुलगा म्हणतो, बाबा, ती नटी आहे, लिहून दिलेलं बोलते. ते मलाही कळतं हो. पण एवढं खरं वाटेल असं काम करायचं आणि लोकांनी चिडायचं नाही, हा कुठला न्याय? बायको म्हणते, सूनबाईच्या लग्नाला सहा वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही, म्हणून ती हळवी झालीय, होईल ठीक.

दुसरं, ‘बिग बॉस’वरून आमचं नवराबायकोचं भांडण अजून मिटलेलं नाही. पाचव्या पर्वात मी सूरज चव्हाणच्या बाजूने, ती अभिजीत सावंतच्या. तिच्या मते सगळं लिहून दिलेलं असतं, माझ्या मते खरं असतं. कोण बरोबर? शिवाय जी जास्त रडते ती चांगली नटी, असं तिचं ठाम मत. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. आणि शेवटचं, रोजच्या कटकटीपेक्षा दुसरा टीव्हीच घेऊन टाकू का?

— एक प्रेक्षक, सांगली


काका, नमस्कार.

मालिकेचं आणि त्या अभिनेत्रीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं होतं, ते मी गाळलं आहे. तिच्या वाट्याला आलं तेवढं पुरे.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं जे आहे, ते तुम्ही काकूंच्या तोंडी घालून एका वाक्यात उरकलंत आणि लगेच ‘बिग बॉस’कडे वळलात. मला तिथेच थांबायचं आहे. सहा वर्षं ज्या घरात पाळण्याची वाट बघितली जाते, त्या घरातल्या सुनेने आपल्या सासऱ्यांच्या हातचं ते वाक्य वाचलं. त्यातून तिला काय कळलं असेल? एखाद्या बाईचा राग आला की बाबा थेट तिच्या कुशीवर घसरतात, ही शिवी त्यांच्याजवळ तयार असते, हे कळलं. आज ती नटीला मिळाली. आपल्यावर कधी चिडले, तर मनातल्या मनात का होईना, आपल्याला हेच म्हणतील, असं तिने ताडलं असेल तर मी तिला चूक म्हणणार नाही. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, हे मी मानते. पण ते तिला कसं कळावं? तिच्यासमोर फक्त ते वाक्य आहे. तिला ‘हळवी’ म्हटलं की दोष तिच्या पदरात पडतो आणि आपण मोकळे होतो, म्हणून तो शब्द घरात पुन्हा वापरू नका. काकूंनाही सांगा.

आजच्या आज ती कमेंट पुसून टाका. कशी पुसायची ते येत नसेल तर मुलाला विचारा, पण बोट तुमचंच असू द्या. मग सूनबाई एकटी असताना तिच्याशी दोन वाक्यं बोला: ‘मी ते लिहायला नको होतं, माझी मलाच लाज वाटली. काढून टाकलंय.’ एवढंच. ‘तुला लागलं असेल तर’ असं म्हणू नका, कारण लागलं आहे हे उघड आहे. मूल, पाळणा, डॉक्टर, देवाची इच्छा, यातला एकही शब्द काढू नका. ती ‘ठीक आहे बाबा’ म्हणून ओट्याकडे वळली तर वळू द्या. दुसऱ्या दिवसापासून ती पूर्वीसारखी बोलायला लागेल ही अपेक्षा ठेवू नका, आणि ‘अजून राग गेला नाही का’ असं तर मुळीच विचारू नका. तिला लागेल तेवढा वेळ घेऊ द्या.

त्या अभिनेत्रीचं काय? तिला वेगळा माफीनामा लिहायची गरज नाही. रोज असल्या शेकडो कमेंटी वाचणाऱ्या माणसाला तुमचं लांबलचक स्पष्टीकरण म्हणजे आणखी एक ओझं. कमेंट काढा आणि थांबा.

आता तुमचा प्रश्न, ‘एवढं खरं वाटेल असं काम करायचं आणि लोकांनी चिडायचं नाही?’ चिडा की! चिडावं म्हणूनच तर ते काम केलेलं असतं. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या. तुम्ही तो काळ बघितलेला आहे, मी काय सांगू. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील बघून कुणाला ते गृहस्थ घरी चहाला बोलवावेसे वाटले असतील? प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, सुरुवातीला पुण्यात माळीकाम केलेला, नाव झाल्यावरही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि इतर चळवळींच्या मागे उभा राहिलेला. हा राग आपल्याला मिळालेला पुरस्कार आहे, असं मानण्याइतका मोठेपणा त्यांच्यापाशी होता. पण लक्षात घ्या, तेव्हा बायकांनी बोटं मोडली ती थिएटरच्या अंधारात किंवा तंबूतल्या सिनेमात. ती निळूभाऊंच्या घरात जाऊन मोडली नव्हती. आज तुमच्या हातातल्या फोनवरून ते घर दोन बोटांवर आलं आहे. तुम्ही लिहिलंत ते त्या बाईने कदाचित सकाळी दात घासताना वाचलं असेल, तिच्या आईनेही वाचलं असेल.

आणि राग आला तर तो नेमका कुणावर, हेही बघा. रोजच्या मालिकेत नटाच्या हातात किती थोडं असतं ते सांगते. आठवड्याचे सहा दिवस भाग दाखवायचे, म्हणजे दिवसाकाठी साधारण एका भागाचं चित्रीकरण उरकावंच लागतं. शिफ्ट बारा-तेरा तासांची. सीनचे कागद अनेकदा त्याच दिवशी सेटवर येतात, कधी मेकअप चालू असताना. आपलं पात्र पुढच्या महिन्यात काय करणार, हे त्या नटीला माहीत नसतं, कारण ते अजून लिहिलंच गेलेलं नसतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्याप्रमाणे वाहिनी आणि लेखक मिळून कथेचा ट्रॅक वळवतात. पत्राच्या मी कापलेल्या भागात तुम्ही लिहिलं आहे की ही बाई पहिले सहा महिने बरी होती आणि मग एकदम विषप्रयोगापर्यंत गेली, ‘तिला काम जमत नाही’. काका, तिला काम जमतं, म्हणूनच तुम्ही इतके पेटलात. एका गुरुवारनंतर तिला वाईट करायचं ठरलं असणार. अशा वेळी नटी काय करते, तर कालपर्यंत जिला ‘वहिनी’ म्हणून मिठी मारत होती तिच्याकडे आज थंड नजरेने बघायचं, आणि प्रेक्षकाला सांधा दिसू द्यायचा नाही. हे अवघड काम आहे. तुमच्या ग्रुपवर याबद्दल कौतुकाची एक ओळ आली असती, तर तुम्हाला अभिनयातलं कळतं हे मी लगेच मान्य केलं असतं.

मालिका लांबली की नटही थकतो, हे मात्र तुमचं तिथलंच दुसरं निरीक्षण बरोबर आहे. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली. रोहिणी हट्टंगडींसारखी कसलेली अभिनेत्री होती म्हणून ते पात्र इतकी वर्षं उभं राहिलं, दुसऱ्या कुणाचं कागदी झालं असतं. याउलट ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदा यायची. ती सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर साठीलाही पोचले नव्हते, आणि त्यांनी उभे केलेले आबा, आजोबांची एक पिढी अंगावर घेऊन आले. बसण्या-उठण्यातला वेळ, चष्म्यावरून बघणं, नातवाशी बोलताना मध्येच गिळलेलं वाक्य, हे सगळं तालमीला अवधी मिळाला की येतं. रोज एक भाग पाडायचा असेल तर नट स्वतःच्या चार हुकमी खुणांवर जातो. भुवई, उसासा, पदराशी चाळा. त्याला तुम्ही ‘पाट्या टाकणं’ म्हणता. काही वेळा ते असतंही, पण प्रत्येक वेळी नसतं.

काकूंचं रडण्याचं माप मला मान्य नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. डोळ्यांत पाणी आणायला ग्लिसरीन असतं. मागे सनई किंवा व्हायोलिन असतं, चेहरा तीनतीनदा जवळून दाखवलेला असतो. एवढं सगळं झाल्यावर रडू न येणारा प्रेक्षकच विरळा. तुम्हाला ‘का पटत नाही’ ते सांगता येत नाही म्हणता ना, तर एक प्रयोग करा. एखादा रडारडीचा प्रसंग आवाज बंद करून बघा. संगीत गेलं, संवाद गेले, उरला तो माणूस. आता त्याचं दुःख पोचतं का? दुसरं, बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभा असलेला नट लगेच ओळखू येतो. डोळे रिकामे असतात. जो खरंच ऐकतो त्याच्या चेहऱ्यावर समोरच्याचं वाक्य उमटत जातं. आणि हात बघा. कणीक मळताना किंवा धुणं घडी करताना हात खरं काम करतायत की नुसते परातीत फिरतायत, हे काकूंना तुमच्या आधी कळेल, पैज लावते.

उदाहरण तुमच्या ओळखीचं देते. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये माई सगळ्यात जास्त सोसते आणि त्या मानाने फार कमी बोलते. शकुंतला नरे यांनी ती अशी केली, की अण्णा घरात आले की बाईचे खांदे आपोआप आत जातात. ते बघितलं की वेगळ्या अश्रूंची गरजच पडत नाही. आणि अण्णा! माधव अभ्यंकरांचा तो आवाज आणि खालून वर जाणारी नजर. २०१६च्या पहिल्या भागात अण्णा मेल्यापासून गोष्ट सुरू झाली होती. २०१९ला दुसरा भाग आला तो काळ मागे नेऊन, अण्णांना जिवंत करून. इतका लंपट, क्रूर माणूस, आणि लोकांना तोच परत बघायचा होता. वाईट माणूस नीट उभा राहिला की प्रेक्षक त्याला सोडत नाही. तुम्हीसुद्धा त्या खलनायिकेचा एकही भाग चुकवलेला नाही, बरोबर ना?

याच मालिकेतून ‘बिग बॉस’कडे जायला एक सरळ वाट आहे. शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर ‘बिग बॉस मराठी’च्या चौथ्या पर्वात होत्या आणि अंतिम दोघांपर्यंत पोचल्या. अक्षय केळकर जिंकला. कितीतरी जण तेव्हा त्या घरात शेवंताला शोधत होते. मग ‘ही अपूर्वा खरी कशी आहे’ यावर वाद घालायला लागले. आता सांगा, आपण बघितली ती खरी अपूर्वा का?

तुमच्या आणि काकूंच्या वादात दोघंही अर्धे बरोबर आहात, हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण तेच खरं आहे. १९९९ला हॉलंडमध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं, त्याचंच हे आपलं रूप. मालिकेत असतात तसे संवाद कुणी लिहून देत नाही. भांडताना निघालेला शब्द त्या माणसाचा असतो, म्हणजे तुम्ही बरोबर. पण एकमेकांशी पटणार नाही अशी माणसं वेचून आत घालायची, घड्याळ-फोन-वर्तमानपत्र काढून घ्यायचं, खाणं मोजून द्यायचं, मग टास्क द्यायचा. चूल कुणी मांडली, सरपण कुणी रचलं? आणि चोवीस तासांतून आपल्यापर्यंत येतो तास-दीड तास. कुणाचं हसणं कुणाच्या वाक्यानंतर जोडायचं हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. म्हणजे काकूही बरोबर. त्यांना जे ‘लिहिलेलं’ वाटतं ते नंतर कापून-जोडून लिहिलेलं असतं. शनिवार-रविवारी सूत्रसंचालक महेश मांजरेकरांची ‘चावडी’ काय किंवा रितेश देशमुखांचा ‘भाऊचा धक्का’ काय, आठवडाभर आपण काय बघितलं आणि त्याचं काय समजायचं, हे तिथे आपल्याला नीट समजावून दिलं जातं. माझं खाजगी मत विचाराल तर मी तेवढाच भाग टाळते. न्यायनिवाडा आयता मिळाला की बघण्यातली मजा जाते.

सूरज आणि अभिजीत हा वाद मात्र मला गोड वाटला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, रील्समधून ‘गुलीगत’ म्हणत वर आलेला मुलगा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला २००५ला पहिला ‘इंडियन आयडॉल’ झालेला, गळ्यावर नाव कमावलेला गायक. तुम्ही दोघं दोन वेगळे प्रश्न सोडवत होता. काकू विचारत होत्या, खेळ कोण चांगला खेळला. तुम्ही विचारत होता, कुणाला मिळालं तर बरं वाटेल. मतदानात दुसरा प्रश्न नेहमी जिंकतो, कारण मत देणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या वेळी आठवतंय? २००९ला कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आर्याच्या बाजूची घरं आणि कार्तिकीच्या बाजूची घरं असे तट पडले होते. गंमत अशी, की अंतिम फेरीतली ती पाचही मुलं आजही गातात आणि लोकांना आता पाचही नावं एका दमात आठवतात, क्रम आठवत नाही. सूरज जिंकला याचा आनंद तुम्ही जरूर ठेवा, पण काकूंना ‘तुझा हरला’ म्हणणं बंद करा. निकाल ऑक्टोबर २०२४ला लागला आहे.

तुमच्या मतांचं काय करायचं, हे राहिलंच. मतं ठेवा, ती चांगली आहेत. तुमच्या पत्राचा काही भाग (तो मी जागेअभावी कापला) एखाद्या समीक्षकाला शोभेल असा आहे. विशेषतः नायिका ज्या गावची दाखवली आहे तिथली बोली तिच्या तोंडी फक्त पहिल्या आठवड्यात होती, हे तुम्ही पकडलंत ते झकास. फक्त पत्ता बदला. कथेबद्दल तक्रार असेल तर ती वाहिनीच्या पानावर, प्रोमोखाली लिहा. ते लोक वाचतात. दृश्य बीभत्स किंवा कुणाचा अपमान करणारं असेल तर वाहिन्यांची बीसीसीसी ही तक्रार परिषद २०११पासून आहे, तिथे तक्रार करता येते. पण ‘कथा रटाळ आहे’ ही तक्रार तिथे चालणार नाही. अभिनयाबद्दल बोलायचं असेल तर पात्राचं नाव घेऊन बोला, नटीच्या घरादारावर जाऊ नका. आणि एखादी मालिका खरंच सोसवत नसेल तर बंद करा. टीआरपी मोजणारी यंत्रं निवडक घरांत बसवलेली असतात. त्या यंत्राला काय चालू होतं आणि कोण बघत होतं एवढंच कळतं, बघणारा दात-ओठ खात होता हे कळत नाही. रागाने बघितलेला भागही ‘लोकांना आवडला’ याच खात्यात जमा होतो.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र रोज लिहू नका. तिथे सूनबाईही आहे. तुम्ही एखाद्या पात्राला ‘कैदाशीण’ म्हणता तेव्हा ती ते कुठल्या मनाने वाचते, याचा काही महिने तरी विचार करा. त्यापेक्षा तुमच्यासारखे बघणारे तीन-चार जण शोधा. तुम्ही सांगलीत राहता, १८४३ला विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं त्या गावात. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तुमच्याकडे होते. संध्याकाळी जाऊन बसा. हौशी नटांची कामं बघा, काही भयंकर वाईट असतील, पण दोन-तीन अशी सापडतील की घरी येऊन टीव्ही लावावासा वाटणार नाही. जाताना काकूंना घेऊन जा. सूनबाईला एकदा विचारून बघा, ती नाही म्हणाली तर आग्रह करू नका.

दुसरा टीव्ही घेऊ नका. एक तुमच्या खोलीत आणि एक बाहेर झाला, की काकू बाहेर आणि तुम्ही आत, आणि जेवायला बोलावण्यापुरतं बोलणं उरेल. त्याऐवजी आठ ते नऊ काकूंची पसंती, नऊ ते दहा तुमची, असं ठरवा. ज्याची पाळी नसेल त्याने टोमणे मारायचे नाहीत. सात ते आठ टीव्ही बंद ठेवा. त्या वेळात भाजी निवडायची असते, ती तुम्ही निवडू शकता.